चार बोटं पाणी

पाटकऱ्याला माणसांची कोपरं बघायची सवय होती. कुणी दारात आलं, वाटेत भेटलं, तरी तो आधी तोंडाकडे बघत नसे. नजर खाली कोपरावर जायची. कोपराच्या घड्यांत मळ असला की माणूस आपल्यातला. कोपर स्वच्छ दिसलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची, आणि एकदा चुकचुकली की दिवसभर गप्प बसायची नाही. याच्या घरी आंघोळीला पाणी आलं कुठून? कुणी उंबरा धुतला, कुणाच्या मोरीबाहेरचा दगड दुपारीही ओला राहिला, कुणाच्या खिडकीत एखादं रोप तग धरून उभं राहिलं, सगळं तो मनात टिपून ठेवायचा.

"आपल्या लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही माझी कोपरंच बघितली असतील," बायको म्हणायची.

"बघितली होती."

"मग?"

"काळी होती. म्हणून तर हो म्हटलं."

बायको हसायची. तो हसायचा नाही. ते खरं होतं.

वस्ती उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याला होती. पाऊस तिथे ऐकीव गोष्टीसारखा होता. म्हाताऱ्यांनी सांगायचा, बाकीच्यांनी अर्धा खरा मानायचा. पाणी होतं ते एकाच झऱ्याचं. टेकडीच्या कुशीतून तो सावकाश झिरपायचा आणि सकाळपर्यंत एक दगडी हौद भरून ठेवायचा. हा वरचा हौद. तिथून दीड कोस खाली, घरांच्या मधोमध, दुसरा हौद. दोन्ही एकाच गवंड्याने बांधलेले, लांबीरुंदीला अगदी सारखे, जुळ्या भावांसारखे. दोघांच्या मध्ये दगडी पाट, वरून फरशांनी झाकलेला. सकाळी पाटकऱ्याने वरची तोटी उघडायची, पाणी पाटातून खालच्या हौदात उतरायचं आणि तिथून घागरी-घागरींनी घरोघर वाटलं जायचं.

दोन्ही हौदांची तोटी तळापासून हातभर उंचीवर होती. तोटीखालचं पाणी बाहेर पडत नसे, तिथे गाळ बसायचा. मोजायचं ते तोटीच्या वरचं. खाली ते काम मास्तर करायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौदाच्या जाळीची किल्ली त्यांच्याकडे आली होती. तिथे भिंतीवरच खुणा होत्या, त्या बघायच्या आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा. वर पाटकरी काठीने मोजायचा. पुरुषभर उंचीची काठी, तिच्यावर तापलेल्या सळईने डाग देऊन केलेल्या बोटाबोटाच्या खुणा. खुणा तोटीच्या उंचीपासून वर सुरू व्हायच्या. खालचं हातभर लाकूड कोरं होतं, तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं.

वरून चाळीस बोटं पाणी सुटलं तर खाली अडतीस चढायला हवं. एक बोट वाटेत पाट स्वतः पितो. एक बोट मधल्या बागेचं, तिचा पिढीजात हक्क. करंगळीएवढी तोटी, पाट वाहतो तेवढा वेळ उघडी. ही बाग पाटकऱ्याच्या थोरल्या बहिणीची होती.

उजाडलं की पाटकरी हौदाच्या पाचव्या पायरीवर उभा राहायचा, काठी पाण्यात सोडायचा आणि तळाच्या दगडावर तीनदा ठोकायचा. ठक, ठक, ठक. गाळ बाजूला व्हावा आणि काठी नीट दगडावर बसावी म्हणून. तो आवाज झाकलेल्या पाटातून खालपर्यंत जायचा. खाली रांगेत उभ्या असलेल्या बायका घागरी उचलून घ्यायच्या. "तीनठोक्या उठला," कुणीतरी म्हणायचं. हे नाव त्याला माहीत होतं. तोंडावर कुणी घेत नव्हतं, पण आवडत होतं.

त्याच्या आधी त्याचे वडील पाटकरी होते. लहानपणी दोन्ही भावंडं त्यांच्याबरोबर हौदावर जायची. बहीण चार वर्षांनी मोठी. ती खुणा भरभर वाचायची. भावाने बोटं मोजायला सुरुवात करेपर्यंत तिचा आकडा सांगून झालेला असायचा. पण ती लग्न होऊन बागेत गेली, वडिलांचे डोळे गेले, आणि काठी भावाच्या हातात आली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्या दिवशी नवीच काठी करून घेतली होती. वडिलांनी एकच सांगितलं, "ही हौद सोडून कुठे न्यायची नाही. काठी फिरायला लागली की लोक बोलायला लागतात." हौदावरच्या खोलीत दोन खुंट्यांवर ती तेहेतीस वर्षं आडवी राहिली. पाटकऱ्याचं घर त्या खोलीला लागूनच होतं. बायको म्हणायची, सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं होतं आता घरात मोठं कुणी नाही, पण ही काठी आहेच.

पहिली काही वर्षं हिशेब जुळला. मग खाली अर्धं बोट कमी चढू लागलं. मग एक. पाट साफ केला, फरशांच्या फटी चुन्याने भरल्या, पाणी कमीच. कुठेतरी मुरतंय, लोक म्हणाले, आणि कुठे मुरतंय ते शोधू लागले. हळूहळू वस्तीत एक नवी नजर आली. शेजारणीने वाळत घातलेल्या कपड्यांची संख्या शेजारीण मोजू लागली. पाटकऱ्याची कोपरं बघायची सवय त्याच दिवसांतली.

अकरा वर्षांपूर्वी तूट दोन बोटांच्या वर गेली, तेव्हा संशय कुंभारावर आला. त्यालाही पाटावर एका बोटाचा हक्क होता, माती भिजवायला. पाटकऱ्यानेच पंचांपुढे सांगितलं की याची माती जरा जास्तच ओली असते. कुंभाराची तोटी बुजवली. दुसऱ्या दिवशी खाली एक बोट पाणी जास्त चढलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चोर सापडला. महिन्याभराने कुंभार चाक आणि बायको-मुलं ढकलगाडीवर बसवून निघून गेला. हौदासमोर थांबून तो म्हणाला, "पाटकरी, तुमची काठी फार ठाम बोलते हो."

याला काय म्हणायचंय, हा विचार पाटकऱ्याने आठवडाभर केला. धमकी असणार, असं ठरवून टाकलं.

यंदा झरा बारीक झाला होता. पूर्वी साठ बोटं भरणारा हौद चाळीसवर अडकला, आणि त्यात खाली येतंय चौतीस. चार बोटांचा पत्ता नाही. लोहाराच्या शेडमध्ये बैठक बसली. लोहार पंचांचा म्होरक्या. भाता बंद होता, तरी शेडमध्ये बसवत नव्हतं.

"चार बोटं म्हणजे सोळा घरांचं पाणी," मास्तर म्हणाले.

"पाण्याला पाय फुटलेत," गिरणीवाला म्हणाला. "आणि ते पाय कुठे वळतात ते सगळ्यांना दिसतंय. बोलत कुणी नाही, एवढंच."

"मग तू बोल," लोहार म्हणाला.

"मी कशाला? मी आपला पीठ दळून खाणारा. पण ज्याच्या डोळ्यांत पीठ गेलेलं नाही, त्याने बागेकडे बघावं. बारा डाळिंबं. बाराच्या बारा हिरवी."

शेडमधल्या सगळ्या माना पाटकऱ्याकडे वळल्या. त्याने स्वतःच्या कोपरांकडे बघितलं.

"बहीण तुझी आहे," लोहार म्हणाला. "तूच सांग."

ताई तसली नाही, असं एक वाक्य म्हणता आलं असतं. ते त्याच्या तोंडाशी आलंच नाही. दोन महिन्यांपूर्वी ताई घरी आली होती, तेव्हा त्याने तिची कोपरं बघितली होती. स्वच्छ होती. तेव्हापासून तो बागेजवळून जाताना पावलं हळू टाकायचा आणि कान पाटाकडे ठेवायचा.

"आठ दिवस द्या," तो म्हणाला. "मी बघतो."

आठापैकी तीन दिवस त्याने बागेसमोरच्या खडकाआड काढले. भर दुपारी, डोक्यावर ओला न केलेला पंचा टाकून. ताई एकटीच राहायची, मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली होती. ती झाडाच्या बुडाशी वाकायची, एक चपटा दगड बाजूला सरकवायची, आत काहीतरी ओतायची आणि दगड परत ठेवायची. प्रत्येक झाडाशी तसंच. मध्येच कंबर धरून उभी राहायची आणि चहूकडे बघायची. कंबर दुखते म्हणून माणूस तसा उभा राहतो, हे त्याला कळत होतं. तरी चहूकडे का बघते?

चौथ्या दिवशी तो सरळ आत गेला.

"ये बारक्या," ताई म्हणाली. पंचावन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. "तीन दिवस उन्हात बसलास. आज सावलीत बस. पाणी घेशील?"

तिने पेला आणला. काठोकाठ भरलेला. वस्तीत कुणी पाहुण्याला भरलेला पेला देत नव्हतं. अर्धा द्यायचा, लागला तर परत विचारायचं. पाटकऱ्याने पेला बघितला आणि मनात टिपून ठेवला. मग प्याला.

"झाडांच्या बुडाशी काय पुरलंयस?"

"मडकी."

"कसली मडकी?"

"कुंभार जाताना देऊन गेला. विकायला नेण्यासारखी नव्हती, नीट भाजलेली नव्हती म्हणाला. गळ्यापर्यंत मातीत पुरायची. आत पाणी भरलं की चार-चार दिवस पाझरत राहतं. वरून ओतलं तर ऊन पितं, खालून दिलं तर मूळ पितं. आंघोळीचं, भांड्यांचं, सगळं त्यातच जातं."

त्याने दगड सरकवून आत हात घातला. मडकं भरलेलं होतं. कुंभाराचं नाव निघालं तेव्हा त्याचे कान उभे राहिले होते, ते अजून खाली आले नव्हते.

"एका बोटात हे सगळं भागतं?"

"भागतं. मोजून बघ. तुझी काठी आण."

"काठी हौद सोडत नाही. तुला माहीत आहे."

"मग माझ्या शब्दावर जा."

डाळिंबाच्या फांदीवर एक मुंगळा वर चढत होता. पाटकरी त्याच्याकडे बघत राहिला.

"चार बोटं कमी येतंय ताई."

"आणि मध्ये मीच आहे."

"मध्ये तूच आहेस."

"बूच मारायला कोण येणार?"

"मीच."

"बरं. दुसऱ्याच्या हातून नको." ती उठून आत गेली आणि जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आली. "लाकडाला ही गुंडाळ. नुसतं लाकूड बसत नाही त्या तोटीत, वाकडी आहे ती. आणि ऐक. मडक्यांतलं पाणी चार दिवस पुरेल. त्यानंतर झाडं आठवडाभर काढतील. पुढचं मला माहीत नाही."

त्याने चिंधी गुंडाळली, खुंटी ठोकली, वर चिकणमाती लावली. ताई दारात उभी राहून बघत होती. तिने एक शब्द काढला नाही. तेही त्याला संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या सकाळी वरून चाळीस सुटलं. खाली मास्तरांनी फळ्यावर पस्तीस लिहिलं. कालच्यापेक्षा एक बोट जास्त. बातमी बागेपर्यंत पोचायच्या आत गिरणीवाल्याने ती गिरणीत दोनदा दळून घेतली होती. "बघा. बूच लागलं आणि पाणी वाढलं. आता आणखी काय पुरावा हवा?"

पाटकरी हौदाच्या पायरीवर बसला. त्याने बोटांवर मोजलं. ताईचं हक्काचं बोट बंद झालं, म्हणून खाली एक बोट वाढलं. ते तिचंच. आता चाळीसचे एकोणचाळीस व्हायला हवेत. झालेत पस्तीस. म्हणजे चार बोटं अजून कमीच आहेत. त्याने परत मोजलं. मग त्याला कुंभार आठवला. तेव्हाही एकच बोट वाढलं होतं. कुंभाराचा हक्कही एकच बोट होता. त्याचंच पाणी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. समोर झरा झिरपत होता, पण पाटकऱ्याला पाणी प्यावंसं वाटेना.

पण डोकं थांबायला तयार नव्हतं. जुनी सवय. ताई नाही, तर मग कोण? वर मी, मध्ये पाट, खाली... खाली मास्तर. मास्तर बारा महिने लांब बाह्यांचा शर्ट घालायचे. इतक्या वर्षांत पाटकऱ्याने त्यांची कोपरं कधी पाहिली नव्हती. एवढ्या उन्हात माणूस कोपरं का झाकतो?

पुढच्या सकाळी त्याने चाळीस मोजलं, तोटी सोडली, आणि काठी खुंटीवर न ठेवता एका चटईत गुंडाळली.

"अहो, ती कुठे निघाली?" बायकोने विचारलं.

"फिरायला."

बायकोच्या हातातलं काम थांबलं. नवरा विनोद करत नसे.

दीड कोस तो पाण्याबरोबर चालला. पायाखालच्या फरशांखालून ते वाहत होतं. बागेपाशी त्याने मान वळवली नाही. खालच्या हौदावर पोचला तेव्हा पाणी चढून स्थिर झालं होतं. जाळीबाहेर बायकांची रांग लागली होती. त्याने आत जाऊन जाळी ओढून घेतली.

"काठी घेऊन आलात?" मास्तर म्हणाले. "आज विशेष काय?"

त्याने पायरी उतरून काठी सोडली आणि तीनदा ठोकली. बाहेर बायका दचकल्या. हा आवाज त्यांनी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. पाटकऱ्याने काठीवरची ओली रेघ बघितली. एकोणचाळीस. त्याने भिंतीवर बघितलं. पस्तीस.

"मास्तर, बाह्या वर करा."

"काय?"

"बाह्या वर करा म्हणतो."

मास्तरांनी एक-एक गुंडी काढून दोन्ही बाह्या वर सारल्या. कोपरं तव्याच्या बुडासारखी काळी होती, भेगाळलेली.

"झालं समाधान? पोरांपुढे मास्तर मळका दिसू नये म्हणून सुरुवातीला घालत होतो. मग सवय लागली." ते बाह्या खाली करत म्हणाले, "आता तुमचं काय ते सांगा."

"तुमच्या खुणा हलल्यात. माझी काठी एकोणचाळीस म्हणते."

"हात लावून बघा."

त्याने भिंतीला हात लावला. खुणा छिन्नीने कोरलेल्या होत्या, नखभर खोल. खाचांमध्ये जुना चुना दगडासारखा झाला होता. तो गवंडी जाऊन शंभर वर्षं झाली असतील. पाटकऱ्याने एकेक खाच चाचपून बघितली. तिथे संशय धरायला जागाच नव्हती. हात घसरून खाली यायचा.

मग त्याने काठी भिंतीला लावली. भिंतीवरची सर्वांत खालची खूण आणि काठीवरची सर्वांत खालची खूण. दोन्ही पाण्याखाली होत्या, म्हणून अंगठ्याने चाचपून त्याने एकीसमोर एक धरली. वरच्या सगळ्या खुणा आपोआप जुळल्या. काठीवरही पस्तीस. फक्त काठी तळाला टेकली नव्हती. ती त्याच्या हातात लोंबत होती. त्याने पकड सैल केली, तशी ती खाली सरकली. एक बोट. दोन. तीन. चार. मग हलकेच दगड लागला.

मास्तरांनी काठी त्याच्या हातून घेतली, बाहेर काढली, उलटी केली. खालचं टोक म्हाताऱ्याच्या टाचेसारखं गोल झालं होतं. लाकडाचे तंतू सुटून कुंचल्यासारखे पसरले होते.

"रोज तीन ठोके," मास्तर म्हणाले. "तेहेतीस वर्षं. झिजणारच."

वर चाळीस कधी नव्हतंच. छत्तीस होतं. आणि गेल्या कित्येक वर्षांत जे-जे चोरीला गेलं म्हणून वस्ती एकमेकांच्या मोऱ्या हुंगत होती, ते पाणी झऱ्यातून आलंच नव्हतं.

मास्तरांनी जाळीकडे बघून आवाज खाली घेतला. "सुताराकडून चार बोटांचा तुकडा लावून घ्या. उद्यापासून वर छत्तीस. लोक म्हणतील झरा आणखी आटला. झऱ्यावर कोण रागावतं? चोरी आपोआप संपेल."

"आणि ताई?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"बूच लागलं आणि चोरी थांबली, असं होईल," पाटकरी म्हणाला. "ती जन्माची चोर ठरेल."

"कुणीतरी ठरणारच आहे. ती नाही तर तुम्ही."

पाटकऱ्याने काठी चटईत गुंडाळली नाही. उघडीच खांद्यावर टाकली आणि रांगेसमोरून निघाला. बायका बघत राहिल्या.

बागेत ताई झाडाखाली बसून गळलेल्या कळ्या वेचत होती. एका झाडाने दोनच दिवसांत कळ्या टाकल्या होत्या. कदाचित उन्हाने. त्याने काठी तिच्यापुढे आडवी ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ती काठीच्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली.

"ठोकून ठोकून," ती म्हणाली.

"बाबांचीच पद्धत आहे."

"बाबा ठोकायचे नाहीत. गाळ काढला की त्या एका दिवशी ठोकायचे. एरवी नुसती टेकवायचे, हलक्या हाताने. निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. मी बाजूलाच असायचे, बारक्या."

त्याचा विश्वास बसेना. हीसुद्धा काहीतरी रचून सांगते आहे, असं क्षणभर वाटून गेलं. मग त्याला पहिलं वर्ष आठवलं. एकदा गाळ काढल्यावर त्याने काठी ठोकली आणि त्या दिवशी खालच्या बायका म्हणाल्या, आज तुमचा आवाज आला हो. बावीस वर्षांच्या पोराला ते बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने परत ठोकली.

"सगळ्या वस्तीची कोपरं बघितलीस," ताई म्हणाली. "माझी बघितलीस, बायकोची बघितलीस. काठी एकदा उलटी करून बघायला काय झालं होतं?"

त्याने काठी उलटी करून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"आता काय करणार आहेस?"

"सांगणार."

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत."

"आणि कुंभाराला कोण सांगणार? कुठे आहे तो, माहीत आहे?"

"नाही."

"हं," ताई म्हणाली, आणि कळ्या वेचू लागली.

दिवस कलायच्या आत लोहाराच्या शेडमध्ये परत बैठक बसली. पाटकऱ्याने सगळं सांगितलं. ठोके, झीज, भिंतीवरच्या खुणा, कुंभाराचं बोट, ताईचं बोट. त्याला वाटलं होतं लोक चिडतील. चिडलं कुणीच नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे ती चार बोटं परत मिळणार नाहीत?"

"नाहीतच ती."

तेव्हा लोकांचे चेहरे बदलले. इतकी वर्षं आपलं पाणी कुणीतरी नेतंय, म्हणजे ते कुठेतरी आहे, चोर सापडला की येईल, असा एक आधार होता. तो त्याने काढून घेतला होता.

"मला एक सांगा," गिरणीवाला म्हणाला. "बहिणीच्या तोटीला बूच लागतं. दोन दिवस जात नाहीत, तोवर भावाची काठी आखूड होते. आधी का नाही झाली?"

"आधीपासूनच होती."

"हे कोण सांगतं? तूच. घरात पटाशी असते माणसाच्या. रात्रीत काठी तासता येते."

लोहाराने काठी सुताराकडे दिली. सुताराने टोक उजेडात धरलं, नखाने खरवडलं, वास घेतला. "हत्यार लागलेलं नाही याला. हे झिजलंय. असं टोक मुद्दाम करायचं म्हटलं तर मलाही जमणार नाही."

"सुताराची बायको गेल्या साली बागेतून डाळिंबं घेऊन गेली होती," गिरणीवाला म्हणाला. "मी आपलं जे बघितलं ते सांगतो."

दोघंतिघं हसले. पाटकऱ्याला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. गिरणीवाल्याच्या तोंडून निघत होतं ते त्याचं स्वतःचंच बोलणं होतं. याची माती जरा जास्तच ओली असते. इतक्या वर्षांनी ते फिरून त्याच्याकडे आलं होतं आणि त्याच्याच दारात उभं होतं.

शेवटी लोहाराने हात वर केला. बागेची तोटी उघडायची. नवी काठी करायची, तिच्या टोकाला झिजू नये म्हणून लोखंडी शेंबी, ती तो स्वतः ठोकून देणार. आणि रोज सकाळी मोजताना पाटकऱ्याजवळ आणखी कुणीतरी उभं राहायचं.

"मला काढत नाही?" पाटकऱ्याने विचारलं.

"काढून कुणाला ठेवू? नव्या माणसाचं खोटं शोधायला आणखी तेहेतीस वर्षं लागतील. तुझं निदान माहीत झालंय."

कोण उभं राहणार यावर बराच वाद झाला. सुतारावर गिरणीवाल्याचा भरवसा नाही, गिरणीवाल्यावर सुताराचा नाही. म्हणून आता दोघंही येतात. उजाडायच्या आत टेकडी चढून, धापा टाकत, एक पायरीच्या उजवीकडे, दुसरा डावीकडे. पाटकरी नवी काठी पाण्यात सोडतो आणि नुसती टेकवतो. आवाज होत नाही. दोघं वाकून आकडा बघतात आणि मग एकमेकांकडे बघतात. खाली बायकांना पाणी कधी सुटलं ते कळत नाही. त्या म्हणतात, पूर्वीचंच बरं होतं, निदान ऐकू तरी यायचं.

बागेचं बूच त्यानेच काढलं. लाकूड भिजून फुगलं होतं, सुरीने तुकडे-तुकडे करून काढावं लागलं. ताईची चिंधी शेवटी निघाली. जुनी काठी ताईने ठेवून घेतली. ती आता एका वाकलेल्या फांदीखाली टेकू म्हणून उभी आहे, झिजलेलं टोक मातीत.

तोटीतून पाणी सुरू झालं तेव्हा ताईने विचारलं, "पाणी घेशील?"

"दे."

ती पेला घेऊन आली. किती भरलाय ते बघायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण पेला हातात येताच नजर काठाकडे गेली. काठोकाठ होता. त्याने मान वर केली, तेव्हा ताई त्याच्याकडेच बघत होती.